गळ्यावरचा हात

बोलण्याआधी ते उजवा हात गळ्यावर ठेवत. पंजा पसरून, अगदी हलका. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटावं, यांचा घसा धरलाय. पण ते स्वतःचा आवाज चाचपत असत. यंत्रमागावर टॉवेल विणता विणता त्यांचे कान गेले होते, आणि आपण किती मोठ्यानं बोलतोय हे त्यांना हाताला जाणवेल तेवढंच कळायचं.

"कान मागावरच राहिले बघा, मॅडम," ते हसून म्हणायचे. "तुमी मोठ्यानं बोला, मी हळू बोलतो."

ही सवय त्यांना आमच्याकडेच लागली. मी सोलापुरात किशोरवयीन मुलांना डीबीटी शिकवते. डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी असं तिचं लांबलचक नाव. भावनेचा लोंढा आला की स्वतःला इजा न करता तो कसा सोसायचा, हे मुलांनी आठवड्यामागून आठवडे गिरवायचं. शनिवारी दुपारी पालकांनीही बसायचं. ते आपल्या पंधरा वर्षांच्या मुलीला घेऊन आले. मुलगी पूर्ण बाह्यांचे कपडे घालायची. एप्रिलमध्येसुद्धा. सोलापूरचा एप्रिल तुम्ही अनुभवला असेल, तर यापुढं मी काही सांगायला नको.

पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "नायना सारखे ओरडतात." घरी तेलुगू बोलणारी माणसं ती; वडिलांना ती नायना म्हणायची.

"मी कुटं ओरडतो?" ते गरजले. तिनं खांदे आवळून घेतले. मी वहीत लिहिलं : वडील तापट.

तीन आठवडे ते माझ्या वहीत तापटच राहिले. मग एकदा मी त्यांना पाठीमागून हाक मारली. ते वळले नाहीत. पुन्हा मारली, तरी नाही. त्यांना कमी ऐकू येतं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्यामुळंच आवाज चढतो, हे कुणी जोडून पाहिलं नव्हतं. मी तर मुळीच नाही, आणि माझा तो धंदाच. वहीतली ओळ मी खोडली आणि त्यांचा हात त्यांच्याच गळ्यावर ठेवायला सांगितला. हाताला जास्त थरथर लागली, की आवाज चढला समजायचं.

त्यांनी दोन-तीनदा बोलून पाहिलं. मग मुलीला विचारलं, "म्हंजे इतकी वर्षं तुला मी रागावल्यालाच वाटत होतो?"

तिनं मान डोलावली. त्यांनी हात पुन्हा गळ्यावर ठेवला.

पालकांचा एक धडा असतो. मुलाला जे वाटतंय ते आधी मान्य करायचं, उपदेश नंतर. त्यांनी "तसं वाटणारच की" एवढं वाक्य पाठ केलं. पण पुढं शेपूट यायचंच. "तसं वाटणारच की, पण दहावीचं वर्ष हाय." सगळे हसायचे, मुलगीही.

"ह्यो 'पण' लई चिवट हाय, मॅडम," ते म्हणायचे.

सहामाहीच्या सुमारास एका दुपारी ती शाळेतून आली आणि आतल्या खोलीत जाऊन कडी लावून घेतली. आईच्या हाकांना उत्तर देईना. निरोप मिळताच ते कारखान्यातून धावत घरी आले. मला फोन लावला, पण माझं बोलणं त्यांना ऐकू येईना. "काय कळंना, मॅडम. ठिवतो," म्हणून त्यांनी ठेवून दिला. मी मिळाली ती रिक्षा पकडून गेले.

ते दाराशी फरशीवर बसले होते. शेजारी शाळेच्या वहीचे फाडलेले कागद. "तू बोललीस तर मला ऐकू येणार न्हाय गं, लिहून दे," असं सांगून त्यांनी कागद आणि पेन्सिल दाराखालून आत सरकवली होती. पहिल्या कागदावर तिनं लिहिलं होतं, 'मला सगळंच नको झालंय.' खाली त्यांचं चौथीपर्यंतचं वाकडंतिकडं मराठी : 'तसं वाटणारच की.' पुढं काही नाही.

कागद जात होते, येत होते. सातव्या की आठव्या कागदावर लिहून आलं, 'भूक लागली.' त्यांनी तो मला दाखवला आणि तोंडात पदर कोंबून बसलेल्या बायकोला तेलुगूत काहीतरी सांगितलं. ती भाताचं पातेलं उतरवायला उठली. थोड्या वेळानं कडी निघाली.

दिवाळी होऊन महिनाही झाला नव्हता. एक दिवस मुलीचाच फोन आला. "मॅडम, नायना गेले. कारखान्यातच. हार्टचं झालं म्हणतात." मग म्हणाली, "आत्ता मी काय करायचं, ते सांगा."

इतकी वर्षं हेच शिकवत आले मी. पण त्या क्षणी "आईजवळ बस. मी येते," एवढंच म्हटलं.

दहाव्यानंतर ती म्हणाली, कारखान्यातून नायनांचा डबा आणि शर्ट आणायचाय, तुम्ही येता का? आम्ही गेलो. आम्हाला पाहून मुकादमानं माग बंद करायला हात वर केला. तिनं मान हलवून नको म्हटलं. डबा माझ्या हातात दिला, खिळ्यावरचा शर्ट काढला आणि दोन मागांच्या मधल्या वाटेत जाऊन उभी राहिली. शर्ट छातीशी धरून तिनं हंबरडा फोडला. मला तिचं उघडं तोंड दिसत होतं, हलणारे खांदे दिसत होते. मागांच्या खडखडाटात आवाज मात्र अजिबात येत नव्हता. बाजूचे कामगार खाली मान घालून आपापलं काम करत होते. ती पोटभर रडत होती, आणि मी दारात डबा धरून उभी होते.