वाडीवरचं भाषण

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षी पनवेलच्या हॉस्टेलवर माझी रूममेट उरणची होती, कोळ्यांची मुलगी. "बरं वाटणार तुम्हाला, मी सांगते ना," असं ती पेशंटला इतक्या खात्रीनं म्हणायची की मलासुद्धा धीर यायचा. सकारात्मक दृष्टिकोन शिकवताना मॅडम तिचंच उदाहरण द्यायच्या.

ती दातांना तंबाखूची मशेरी लावते, हे फक्त मला ठाऊक होतं. तिच्या घरी आई, आजी, सगळ्याच लावायच्या.

एकदा कॉलेजनं आम्हाला डोंगराखालच्या एका कातकरी वाडीवर व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमाला नेलं. भाषण अर्थातच तिचं. तंबाखूनं तोंडाचं काय होतं, ते ती चित्रं दाखवून सांगत होती. पुढे बसलेली एक म्हातारी तिच्या तोंडाकडेच बघत होती.

"आमाला सांगतंस, मंग तुज्या गालात काय हाय गं बाय?"

सगळी वाडी हसली. तीही हसली. मॅडम हसल्या नाहीत.

माफीनामा लिहून दिल्यावर तिनं मशेरी खरंच सोडली. मग डोकं दुखायला लागलं, झोप उडाली, चिडचिड सुरू झाली. महिन्याभरानं तिच्या उशीखाली मला वॉर्डातल्या वेदनाशामक गोळ्यांची पाकिटं सापडली.

"परीक्षेपुरतंच गं," ती म्हणाली. "कुणाला बोलू नकोस."

मी बोलले नाही. मैत्री निभावतेय असं वाटत होतं. खरं तर, तिचं ते 'बरं वाटणार' खोटं ठरलं असतं तर मला स्वतःलाच आधार उरला नसता.

परीक्षा झाली, गोळ्या थांबल्या नाहीत. एका दुपारी ऑपरेशन झालेली एक बाई कळवळत होती. चार्टवर इंजेक्शन दिल्याची नोंद होती, सही माझ्या रूममेटची. सिस्टरांनी शोधलं तेव्हा ती लिननच्या खोलीत, चादरींच्या गठ्ठ्याला टेकून गुंगीत बसलेली सापडली. शेजारी सिरिंज होती.

तिला न्यायला आई आली. भांबावलेली बाई, सामान भरता भरता सारखी थांबायची. "माजी पोर कवा रडली नाय गो," ती मला म्हणाली. "तू तिच्याच खोलीत व्हतीस ना? तुला कायच दिसलं नाय?"

"नाही," मी म्हणाले.

माझी रूममेट तिथेच उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि बॅगेची चेन ओढली.

पुढे तिच्यावर उपचार झाले, आता ती बंदराजवळच्या एका गोदामात कामाला आहे, असं वर्गातल्या एकीकडून कळलं. त्या मुलीनं मला तिचा नंबरही दिला. मी अजून फोन केलेला नाही.