वाळवंटात बर्फ पडला त्या दिवशी

ऑक्टोबरातली दुपार होती. पनवेलच्या आमच्या घरात पंखा गरम वारा फेकत होता आणि टीव्हीवर बर्फ पडत होता. लडाखमध्ये अवेळी बर्फवृष्टी, खिंड बंद, दोन्ही बाजूंना गाड्या अडकलेल्या. त्यातली एक गाडी माझ्या मुलीची असणार, हे मला माहीत होतं. नुब्राच्या खोऱ्यातल्या वाळूच्या टेकड्यांचा अभ्यास करायला ती कॉलेजच्या गटाबरोबर गेली होती. सकाळीच फोनवर म्हणाली होती, "आई, आता निघतोय. खिंड ओलांडली की लेह. पोचले की फोन करते." त्यानंतर फोन लागत नव्हता. नवरा कामावरून तिच्या कॉलेजात फोन लावत होता. तिथेही कुणाला काही कळलं नव्हतं.

सासरे माझ्या शेजारीच बसले होते. त्यांचं अर्धं आयुष्य जासईच्या मिठागरात गेलेलं. आता तिथे कंटेनर रचलेले असतात आणि सासरे आमच्याकडे राहतात. आदल्याच दिवशी नातीनं त्यांना फोटो पाठवला होता: पिवळी वाळू, दोन वशिंडांचा उंट आणि डोळ्यांवर हात धरून हसणारी ती. त्यांनी तो शेजाऱ्यांनाही दाखवला होता.

"पोर वाळवंटात गेली ना?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा."

"मग हा बर्फ कुठला दावतायत?"

"तिथलाच."

ते माझ्याकडे बघत राहिले. "वाळू हाय तिथं बर्फ नाय पडत. तुमी माझ्यापासून कायतरी लपवताय. पोर हाय कुठं, ते खरं सांग."

मला रडूच आलं. पण मी रडले असते तर त्यांची खात्रीच पटली असती. मी शाळेत भूगोल शिकवते. वर्गात बोलते तसं बोलायला लागले, कारण तेवढंच माझ्या हातात होतं.

"बाबा, वाळवंट उन्हानं होत नाही. आभाळातून पाणी पडत नाही, म्हणून होतं. समुद्रावरून ढग येतात, ते आपल्या या डोंगरांना अडतात, आणि इथेच रिते होतात. म्हणून आपण पावसाळाभर भिजतो, आणि घाटापलीकडे लांब गेलं की पाऊस कमी होत जातो. खरं ना?"

"व्हय."

"तिकडे हिमालय आहे. ढग अलीकडेच मोकळे होतात, पलीकडे नुसता कोरडा वारा जातो. म्हणून ते वाळवंट. पण जागा इतकी उंच, की थंडी मरणाची. मग चुकून जे थोडं पडतं, त्याचा बर्फ होतो. वाळू नदीनं आणलेली, ती खाली खोऱ्यात. बर्फ वर खिंडीत. दोन्ही एकाच मुलखात."

त्यांनी पुन्हा टीव्हीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "म्हंजे झाडं नाय."

"नाहीत. फारशी नाहीत."

"मग वरून पाणी, बर्फ आला तर डोंगर धरून कोन ठेवतो? दरड नाय येत?"

हा प्रश्न मला नको होता. उघड्या उतारांवर काय होतं ते मी दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते. "नाही येत," मी म्हणाले. त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला, पण चित्र राहू दिलं. पांढऱ्या रस्त्यावर उभ्या गाड्यांची छतं आम्ही दोघं एकेक करून बघत होतो. कुठल्या रंगाच्या गाडीतून ती निघाली, हे मी विचारलंच नव्हतं.

दिवेलागणीच्या सुमारास अनोळखी नंबर वाजला. मी उचलायच्या आत फोन सासऱ्यांनीच घेतला.

"आजोबा, मी बोलतेय. लष्करातल्या एका काकांच्या फोनवरून. आम्हाला खाली आणलं त्यांनी."

"पोरी, पानी हाय का प्यायला?"

"आजोबा, बाटलीतलं पाणी गोठलंय!"

"गोठलं," ते मला म्हणाले, जणू मला ऐकू गेलं नव्हतं. मग त्यांना रडू कोसळलं आणि फोन माझ्या हातात आला. मुलगी भराभर बोलत होती. पुढे दरड आली होती. चालकानं वेळेत गाडी थांबवली म्हणून ते वाचले. एका मैत्रिणीला धाप लागली होती, तिला ऑक्सिजन दिला होता. स्वतःबद्दल म्हणाली, "बोटं जरा बधिर आहेत, बाकी काही नाही." जरा म्हणजे किती, असं मी ओरडून विचारलं तोवर लाइन तुटली होती.

आठवड्यानं ती घरी आली. नाकाची सालं निघालेली, उजव्या हाताची दोन बोटं सुजून जांभळी पडलेली. डॉक्टर म्हणाले, बोटं वाचली, पण संवेदना यायला वेळ लागेल. सासरे रोज ती बोटं स्वतःच्या तळहातांत धरून बसायचे. एकदा त्यांनी विचारलं, "परत जानार?"

"मे महिन्यात. काम अर्धं राहिलंय, आजोबा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी 'नको जाऊस' म्हणावं, अशी त्यांची अपेक्षा होती. माझीही होती. पण मी उठून तिच्यासाठी भात वाढला.