पाटलांच्या अंगणात न आलेलं नाव

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. आता नांदेडच्या एका कॉलेजात इतिहास शिकवतो. स्कॉटलंडच्या डोंगरातली घराणी शिकवताना माझा आवाज चढतो, हे पोरांना माहीत झालंय. तिथल्या गेलिक भाषेत माणूस नाव सांगताना बाप, आजा, पणजा असा मागं मागं जायचा. ‘मॅक’ म्हणजे मुलगा. कुळाला ते क्लॅन म्हणतात, तो मूळ शब्द लेकरांचा. सगळी सरदाराची लेकरं. रक्ताचं नातं नसलेलेही त्याचं नाव लावायचे, त्याच्यासाठी मरायचे. पुढं मेंढ्यांत जास्त पैसा दिसला, तशी कैक सरदारांनी हीच लेकरं घरादारातून हाकलली.

यंदा उन्हाळ्यात उदगीरकडच्या आमच्या गावी हेळवी आला. घराण्याची वंशावळ तोंडपाठ म्हणणारा हा माणूस दर काही वर्षांनी कर्नाटकातून येतो. पाटलांच्या अंगणात भावकी जमली. आमचं आडनाव पाटलांचंच, पाती म्हणजे घराण्याची शाखा तेवढी धाकटी. वडलांना एकच ऐकायचं होतं, चारचौघांत आपल्या आज्याचं नाव. पाटलांचं माळरान त्या आज्यानं मोडून पिकाखाली आणलं होतं. वडीलही तेच रान बटईनं, पिकातल्या वाट्यावर, करायचे. गेल्या वर्षी पाटलांनी ते प्लॉट पाडायला विकलं. वडलांना एका शब्दानं विचारलं नाही.

हेळवी मूळ पुरुषापासून निघाला. पाटलांची थोरली पाती म्हणून झाली आणि पाटील म्हणाले, “बास करा. फुडं समदी आपलीच लेकरं हायत, त्यांचं काय सांगायचं? ताटं वाढल्यात.”

मी उभा राहिलो. “काका, आमची पाती राहिली. म्हणू द्या त्यांना.”

“प्राध्यापक, तुमचं नाव कॉलेजात लागलंय की. आणिक किती ठिकाणी लावता?”

माणसं हसली. वडलांनी माझी बाही ओढली. “बस खाली. लेकरंच की आपण त्यांची.”

मी न जेवता उठलो. वडील मात्र पंगतीत वाढायला लागले. दुपारी मी हेळव्याला गाठलं, आमच्या घरी येऊन आमची पाती म्हणा, असं सांगितलं. तो लगेच तयार झाला. वडलांनीच नको म्हटलं.

“तिथं म्हटला असता तर खरं. घरात बसून मला कशाला ऐकवतो? मला ठाव हाय त्यांचं नाव.”

पाटलांवरचा माझा राग अजून उतरला नाही. पण वडलांच्या ह्या बोलण्याचा त्याहून जास्त येतो, आणि तो त्यांच्यावर काढता येत नाही.