'आधी पैसे भरा' म्हणणाऱ्यांची गाठ आत्याशी होती

मी शिकवते त्या शाळेत दुपारची सुट्टी झाली होती, पोरं खिचडीच्या ताटल्या घेऊन ओळीत बसली होती, तेवढ्यात अण्णांचा फोन आला. अण्णा म्हणजे माझे वडील. एरवी ते आधी दोन मिनिटं पाऊसपाण्याचं बोलतात आणि मग मुद्द्यावर येतात. त्या दिवशी एकच वाक्य बोलले, "उषे, आक्का गेली गं..." आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझी सुलोचनाआत्या. सकाळी चहा पिऊन पेपर वाचायला बसली आणि बसल्याबसल्याच गेली. दवाखान्यात न्यायलाही तिनं वेळ दिला नाही. बीडहून केजला जाताना एसटीत माझ्या मनात सारखं येत होतं, की एवढी घाई करणं तिच्या स्वभावातच नव्हतं. घाई करणाऱ्या माणसावर तर तिचा कायम संशय. घरापाशी पोचले तर दारात उभं राहायला जागा नव्हती. तहसीलमधले शिपाई, विहारातल्या बाया, नांदूरघाटहून दोन जीप भरून आलेली माणसं... त्यातली निम्मी माझ्या ओळखीची नव्हती. पण प्रत्येकाकडे आत्याची एक गोष्ट होती, आणि ती सांगताना रडणारी माणसं मध्येच हसत होती. दीड महिना झाला त्याला. ती हसण्यासारखी गोष्ट आता मलाच नीट सांगावीशी वाटते.

आत्या तहसील कचेरीच्या कंपाउंडबाहेर, झेरॉक्सच्या दुकानाच्या पत्र्याखाली टेबल टाकून अर्ज टाइप करायची. लग्नानंतर चार वर्षांत नवरा वारला, मूलबाळ नव्हतं. ती माहेरी परत आली आणि तिनं टायपिंगच्या परीक्षा दिल्या, मराठीची आणि इंग्रजीचीही. त्या काळी कचेरीबाहेर बसणारे सगळे पुरुष. त्यांच्या ओळीत ही एकटी बाई मशीन घेऊन बसली, तेव्हा लोक आधी बघायला यायचे आणि मग अर्ज लिहून घ्यायला. रेशनकार्ड, जातीचा दाखला, निराधार योजना, वारसनोंद... कुठल्या कागदाला काय जोडायचं, विषय कसा लिहायचा, संदर्भात काय टाकायचं, हे तिला तोंडपाठ होतं. नंतर मशीन जाऊन कॉम्प्युटर आला, तोही ती महिन्याभरात शिकली. कागद हातात घेतला की तिची नजर आधी जावक क्रमांकावर जायची, मग शिक्क्यावर, मग सहीवर. "कागद खरा का खोटा ते मला वासावरून कळतंय," असं ती म्हणायची, आणि त्यात फुशारकीही असायची. ते मुद्दाम लिहिते आहे, कारण ती फसली ती याच फुशारकीमुळे. हे तिनंच मला सांगितलं होतं.

तिला विहाराशेजारच्या पडक्या खोलीत मुलींसाठी अभ्यासिका काढायची होती. घरात चार भावंडं, टीव्ही, पाहुणे, त्यात मुलींनी अभ्यास कुठं करायचा, हा तिचा नेहमीचा प्रश्न. मग तिनं कॉम्प्युटरवरून दिसतील त्या संस्थांना मदतीसाठी मेल पाठवायला सुरुवात केली. बरेच दिवस कुणाचं उत्तर आलं नाही, आणि एके दिवशी आलं ते परदेशातल्या एका विधवा बाईचं. मेलमध्ये लिहिलं होतं, की मी आजारी आहे, मला मूलबाळ नाही, नवऱ्याची मोठी रक्कम बँकेत पडून आहे, ती मला तुझ्यासारख्या बाईच्या हाती द्यायची आहे. सोबत बँकेचं पत्र. त्यावर जावक क्रमांक होता, गोल शिक्का होता, दोन सह्या होत्या. रक्कम पाठवण्याआधी फक्त नोंदणीची फी भरायची होती. आत्यानं भरली. मग कर म्हणून काही भरायचं निघालं, तेही भरलं. तिसऱ्या वेळी कसलंसं प्रमाणपत्र काढायचं होतं, तेव्हा तिनं आपल्या आईची सोन्याची बोरमाळ मोडली. अण्णांनाही कळू दिलं नाही. प्रत्येक मेलमध्ये शेवटी एक ओळ असायची, की ही गोष्ट कुणाला सांगू नकोस, लोकांची नजर वाईट असते.

चौथी मागणी आली तेव्हा तिच्याकडे मोडायला काही उरलं नव्हतं. म्हणून तिनं साधेपणानं लिहिलं, की ताई, तुमच्याच रकमेतून ही फी कापून घ्या आणि उरलेली पाठवा, मला कमी मिळाले तरी चालतील. इतके दिवस 'प्रिय भगिनी' म्हणणाऱ्या त्या बाईचं उत्तर तासाभरात आलं. त्यात भगिनी नव्हती. तुझ्यावर कायदेशीर कारवाई होईल, आजच पैसे भर, अशी सरळ धमकी होती. आत्या सांगायची, "मरायला टेकलेली बाई म्हणं... अन् भांडायला एवढी ताकद आली कुठून? तवा माझं डोकं जाग्यावर आलं."

चार दिवस तिनं टेबल मांडलं नाही. अण्णांनी काळजीनं मला बोलावून घेतलं. मी गेले तर ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. तशीच पडल्यापडल्या म्हणाली. "उषे, त्या पत्रात इंग्रजीच्या चुका व्हत्या. मला दिसल्या. मी त्या सोडून दिल्या. दुसऱ्याच्या अर्जात एक वेलांटी चुकली तरी मी कागद फाडते... अन् हितं सोडून दिल्या. कावून? तर मला ते खरं असायला पायजे व्हतं." मी म्हणाले, आत्या, होतं असं, कुणाला कळणार नाही. ती उठून बसली आणि माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मीच काही चुकीचं केलं होतं. "कुणाला कळणार न्हाई म्हणूनच तर त्याहिचा धंदा चालतोय," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती टेबलावर गेली आणि स्वतःच्या नावानं पोलिसांत द्यायचा तक्रारअर्ज टाइप केला. हजारो लोकांचे अर्ज लिहिलेल्या बाईचा स्वतःसाठीचा तो पहिला अर्ज. पैसे परत आले नाहीत. ते येतील अशी आशाही तिनं धरली नाही.

पण पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर ती उभी राहिली. हातात सगळ्या मेलच्या प्रती. म्हणाली, "मी फसले. कशी फसले ते ऐका." आणि तिनं ते एकेक पत्र केजच्या बोलीत वाचून दाखवलं. ती आजारी विधवा, ती बँक, ती कोट्यवधींची रक्कम... मग कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि आत्याही हसली. बोरमाळेपाशी आल्यावर मात्र ती वाचायची थांबली. अण्णा खाली मान घालून बसले होते, त्यांना तेव्हाच कळलं. ते काही बोलतील असं मला वाटलं. ते उठले, तिला पाणी नेऊन दिलं आणि म्हणाले, "वाच आक्का. राहिलेलं बी वाच." वाचून झाल्यावर मागून एक रिटायर्ड गुरुजी उठले. "बाई, मला लॉटरी लागल्याचा मेल आलाय. उद्या पैसे भरायला जाणार व्हतो." मग दुसरा उठला. मग एक तरुण मुलगी. त्या दिवशी विहारात जेवायला दोन तास उशीर झाला.

दुसऱ्या दिवशी आत्याच्या टेबलावर पुठ्ठ्याची पाटी लागली: 'बक्षीस, लॉटरी, परदेशी नोकरी, देणगी यांचे मेल फुकट वाचून मिळतील.' शेजारचे अर्ज लिहिणारे हसले. पण लोक यायला लागले. ती कुणाला उपदेश करायची नाही. माणसालाच प्रश्न विचारायची. हे बक्षीस तुम्ही मागितलं होतं का? पाठवणाऱ्याच्या नावावर बोट ठेवल्यावर खाली मेलचा खरा पत्ता कोणता उघडतो? आजच्या आजच भरा असं का म्हणतायत? कुणाला सांगू नका असं का? आणि शेवटी तिचा ठेवणीतला प्रश्न, "तुमालाच द्यायचेत ना? मग त्यातूनच कापून घ्या म्हणा." बहुतेक माणसं तिसऱ्या प्रश्नालाच पैसे पुन्हा खिशात घालून उठायची.

सगळ्यांच्या लक्षात राहिला तो दिवस मनीषाचा. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत केजला आले होते आणि टेबलाशेजारीच बसले होते. मनीषा नांदूरघाटची. आईवडील दर वर्षी बैलगाडी घेऊन ऊसतोडीला जाणारे, आणि ही शिकून नर्स झालेली, त्यांच्या घरातली पहिली. तिच्या हातात परदेशातल्या एका दवाखान्याचं नेमणूकपत्र होतं आणि तिला त्याची प्रिंट हवी होती. व्हिसा आणि विम्याचे पैसे संध्याकाळपर्यंत भरायचे होते. त्यासाठी तिचे वडील, दगडूभाऊ, बैलजोडी टेम्पोत घालून बाजाराला घेऊन आले होते. गिऱ्हाईकही ठरलं होतं. बैल गेले म्हणजे पुढच्या हंगामाची गाडी गेली.

आत्यानं पत्र वाचलं आणि विचारलं, "इंटरव्ह्यू कुणी घेतला बाई?"

"न्हाई घेतला. बायोडाटा बघूनच निवड झाली म्हणले."

"हितं गल्लीतल्या दवाखान्यात लागायचं तरी समोर बसवून चार गोष्टी इचारतेत. अन् ते लोक तुझं तोंड न बघता पेशंट तुझ्या हवाली करतेत व्हय?"

दगडूभाऊंचा पारा चढला. पोरीच्या नशिबात काही चांगलं आलं होतं आणि ही बाई त्यात खोट काढत होती. "बाई, तुमी फसल्या म्हणून समदं जग लबाड हाय का?" ते भर रस्त्यात ओरडले. माणसं जमली. आत्याच्या तोंडावरचा रंग उडालेला मी पाहिला. पण ती शांतपणे म्हणाली, "न्हाई भाऊ. जग लबाड न्हाई. म्हणून तर इचारून बघू म्हणते. खरं निघालं तर बैल सांजच्यालाबी इकले जातेल. मी सोता तुमच्या संगं बाजारात येते."

मग तिनं खुर्ची मनीषाला दिली. पत्रातला फोन नंबर वापरायचा नाही, एवढंच सांगितलं. मनीषानं त्या दवाखान्याची स्वतःची वेबसाइट शोधली, तिथला नंबर काढला आणि फोन लावला. पलीकडून एक बाई बोलायला लागली. मनीषा पहिल्यांदा अडखळली, मग सावरून नीट इंग्रजीत विचारलं. फोन स्पीकरवर होता. त्या बाईनं सांगितलं, की आमच्याकडे अशी भरती निघालेली नाही, आणि उमेदवाराकडून आम्ही कधीच पैसे घेत नाही. मग तिनं काळजीनं विचारलं, तुम्ही काही भरलंत का? "नो मॅडम," मनीषा म्हणाली, आणि तिथंच तिला रडू आलं. दगडूभाऊंना इंग्रजी कळत नव्हतं, पण लेकीचा चेहरा कळत होता. ते टेबलाच्या कडेला हात टेकून उभे राहिले.

एवढ्यात त्या एजंटचाच फोन आला. पाच वाजेपर्यंत पैसे आले नाहीत तर जागा दुसऱ्याला जाईल, असं हिंदीतून तो घाई करत होता. आत्यानं फोन घ्यायला हात पुढे केला, पण मनीषानं मान हलवली. डोळे पुसले आणि म्हणाली, "मेरी पहली तनखा से काट लीजिए." तो म्हणाला, कंपनीचा तसा नियम नाही. ती म्हणाली, "और बिना इंटरव्ह्यू के नर्स रखने का नियम है? मैंने अभी आपके दवाखाने में फोन किया था. वहाँ आपको कोई नहीं पहचानता." पलीकडून एक शिवी, आणि फोन बंद. झेरॉक्सवाला दुकानातून ओरडला, "पोरीनं पळवून लावला बे त्याला!" आणि रस्त्यावर टाळ्या. दगडूभाऊ आत्याच्या पाया पडायला वाकले, तर तिनं त्यांना मध्येच धरलं. "माझ्या न्हाई, लेकीच्या पाठीवर हात ठिवा," ती म्हणाली. संध्याकाळी बैल त्याच टेम्पोतून नांदूरघाटला परत गेले. मनीषा आता बीडच्या एका दवाखान्यात आहे, रीतसर मुलाखत देऊन लागलेली.

आणि अभ्यासिका? ती झाली. कुणा परदेशी बाईच्या रकमेतून नाही. लॉटरीवाल्या गुरुजींनी छतासाठी पत्रे दिले, दगडूभाऊंनी दोन दिवस राबून भिंत लिंपली, कुणी टेबल आणलं, कुणी पंखा. उद्घाटनाला आत्यानं निळी साडी नेसली होती. भाषण करा म्हणाले, तर ती पदर सावरत उठली. म्हणाली, "मला लई मोठी देणगी येणार व्हती. ती आली, पर पत्ता केजचाच निघाला." मुलींनी एवढ्या टाळ्या वाजवल्या, की ती लाजून खाली बसली. तिथं अभ्यास करणाऱ्या दोन मुली यंदा नोकरीला लागल्या.

मागच्या रविवारी मी केजला गेले, तर अण्णा आत्याच्या कॉम्प्युटरसमोर बसलेले. ज्या माणसानं आयुष्यात कधी माऊसला हात लावला नाही, तो माणूस. म्हणाले, आक्काच्या नावचा विमा निघालाय म्हणून माझ्या मोबाइलवर मेल आलाय, वारसाला मोठी रक्कम मिळणार आहे, पण आधी कागदपत्रांची फी भरा म्हणतेत. बहीण गेलेल्या माणसाला दीड महिन्यात असा मेल यावा... मी विचारलं, "अण्णा, भरलेत का?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मी कुणाचा भाऊ हाय?" त्यांनी फोन करून फी रकमेतूनच कापायला सांगितली होती, चार शिव्या खाल्ल्या होत्या, आणि आता पोलिसांत द्यायचा अर्ज टाइप करत होते. एका बोटानं, एकेक अक्षर शोधत. मी करून देते म्हणाले तर ऐकेनात. एक पान व्हायला दोन तास लागले. प्रिंट काढली, तेव्हा मी ती वाचली. विषय बरोबर होता, संदर्भ बरोबर होता, वेलांटी एकही चुकलेली नव्हती. खाली त्यांची वाकडी सही, आणि अर्जदाराच्या नावापुढे त्यांनी कंसात टाइप केलं होतं: सुलोचनाबाईंचा धाकटा भाऊ.