खंदारे सरांचा बेंच

खंदारे सर आम्हाला नावानं नाही, उंचीनं हाक मारत. मी साडेपाच. आमची सेंटर पावणेसहा. वैशालीला मात्र ते ‘बेंच’ म्हणत, कारण ती चितेगावहून पहिल्या बसनं यायची, सगळा सराव करायची आणि सामन्यात नुसती बसून राहायची. तीन वर्षं.

सर बावीस वर्षं कॉलेजात बास्केटबॉलचे कंत्राटी प्रशिक्षक होते. मुरमाच्या मैदानावर रोज स्वतः फक्की मारायचे. शिकवायचे असं, की आजही कुणी अचानक बॉल फेकला तर माझा पाय बरोबर पडतो. कप आला तर पुढच्या वर्षी करार, नाहीतर घरी. त्यामुळे दयामाया त्यांनी केव्हाच गुंडाळून ठेवली होती.

आमच्या शेवटच्या फायनलला परीक्षांमुळे आम्ही सहाच जणी होतो: पाच मैदानात आणि बेंचवर वैशाली. वैशालीचे वडील कंपनीतली पाळी बदलून पोरीचा खेळ पहिल्यांदाच बघायला आले होते. आम्ही वीस गुणांनी पुढे, पाच मिनिटं उरलेली. टाइमआउटला मी म्हटलं, “सर, वैशालीला उतरवा ना. तिचे वडील आलेत.”

“हे हळदीकुंकू हाय व्हय, सगळ्यांना वाण वाटायला?”

माझे चार फाउल झाले होते. पाचवा झाला की मी बाहेर, मग वैशालीशिवाय होतंच कोण? मी समोरच्या मुलीला सरळ धक्का दिला. शिट्टी वाजली. मनातून खूश होत मी बाहेर आले. वैशाली जॅकेट काढून उभीच होती.

सरांनी मला नीट बघून घेतलं. “कॅप्टन, टीम कोण ठरवतं? तू का मी?” मग पिशवीतून क्रेप बँडेज काढून वैशालीपुढं टाकलं. “बांध गुडघ्याला.” आणि पंचांना म्हणाले, “ही पोरगी जखमी हाय. आमच्या चौघीच खेळतील.”

तिनं मुकाट्यानं बांधलं. चौघी जिंकल्या. कप घ्यायला सरांनी मला स्टेजवर बोलावलं आणि मी गेले. सरांना मी माफ केलेलं नाही. पण कप घेतानाच्या फोटोत त्यांच्या शेजारी दात काढून मीच उभी आहे.

खाली उतरले तेव्हा वैशालीचे वडील घाबरून तिच्यापाशी बसले होते. “कुठं लागलं गं माय? लई दुखतंय का?”

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं.

“व्हय, बाबा. नायतर आज मलाच उतरवणार होते.”

वडिलांनी तिचा हात खांद्यावर घेतला आणि वैशाली मोटारसायकलपर्यंत लंगडत गेली.