गाठ मारलेलं गवत

मुकुटबनच्या पुढच्या एका गावात, गायरानावर गवत कापून पोट भरणाऱ्या बाईवर अन्याय झाला. गेल्या वर्षी, दिवाळीच्या आधीच्या शनिवारी, सकाळी अकराच्या सुमारास. तो मी केला. हे आधीच सांगून टाकते, कारण पत्रकं लिहून लिहून मला दुसऱ्यांचीच पापं मोजायची सवय लागली आहे.

त्या गायरानाला कागदावर 'पडीक' म्हणतात. एकदा पडीक म्हटलं की कोणीही येतो, खड्डे खणतो, रोपं लावून फोटो काढतो. रोपं उन्हाळ्यात मरतात आणि गवत तर आधीच गेलेलं असतं. याविरुद्ध माझं भांडण होतं, अजून आहे. पण पत्रक वाचतो कोण? भजी बांधायला नेतात. म्हणून मी आणि वनस्पतिशास्त्र शिकणारा माझा मित्र, आम्ही शाळेत प्रदर्शन भरवायचं ठरवलं. तो बांबूच्या कामट्यांची चौकट माळावर टाकायचा आणि आतली एकेक जात मोजायचा. कुसळी, पवन्या, तिखाडी. मी त्याच गवतांच्या तुऱ्यांना शाई लावून कापडावर ठसे घ्यायचे. लोकांना माळ डोळ्यांनी दिसला की ते त्याच्यासाठी भांडतील, असा आमचा हिशेब.

वारुळांच्या आसपास आम्हाला गाठी दिसल्या. उभ्या गवताचा मूठभर झुबका वळवून त्याच्याच काड्यांनी घट्ट बांधलेला, पोरीच्या वेणीसारखा. मित्रानं वहीत लिहिलं, 'मानवनिर्मित, कारण अज्ञात.' कारण सांगणारी बाई शंभर पावलांवर विळा घेऊन वाकलेली होती. आम्ही विचारलं नाही. मला त्या गाठी इतक्या आवडल्या की सगळ्या कापून आणल्या, भिंतीवर ओळीनं लावल्या आणि खाली पाटी लिहिली: 'माळाची लोककला'.

शनिवारी मित्र आणि गुरुजी पाचवीच्या पोरांना घेऊन माळावर गेले. प्रत्येकाला एक चौकट, एक कागद. 'नाक गवताला टेकेपर्यंत वाका, मग चित्र काढा,' हे मीच शिकवलं होतं. मी शाळेत सुतळ्या बांधत थांबले. तेवढ्यात ती बाई आली. डोक्यावरचा भारा तिनं दाराशी टाकला, पदरानं तोंड पुसलं आणि भिंतीकडे पाहत उभी राहिली.

"हे कोनं तोडलं वं?"

"मी, मावशी. छान दिसतं ना?"

"छान!" ती माझ्याकडे फिरली. "शिकली सवरली तू, अन् हे तोडलं? वारुळाच्या आतमंदी घोनस रायते. आमी बाया गाठ मारून ठेवतो, का इथं कोनी हात घालू नोको. तुले कोनी सांगतलं नाही?"

"मावशी, पोरं माळावर आहेत. बसून चित्रं काढताहेत."

तिनं दाराशी टेकवलेली काठी उचलली आणि चालू लागली. मी पळायला लागले तर तिनं दंड धरला. "पळू नोको. बोंबलू तं बिलकुलच नोको. पोरं भेतीन अन् कुठंबी पाय टाकतीन."

शाळा ते माळ दहा मिनिटांची वाट. त्या वाटेवर मी गाठी आठवत होते. बाभळीखालच्या वारुळाजवळ तीन. नाल्याच्या काठाला दोन. बाकीच्या कुठून कापल्या ते आठवेना. मी तुऱ्यांची नावं पाठ केली होती, गाठींच्या जागा नाही.

पोरं छाती-छातीएवढ्या गवतात विखुरलेली होती. वरून फक्त डोकी दिसत होती आणि काही तर तीही नाही. बाईनं मला, गुरुजींना आणि मित्राला बैलगाडीच्या वाटेवर उभं केलं. "इथून हालाचं नाही." मग काठी आपटत ती एकटी आत शिरली. एकेका पोराच्या मागे जायची, हळू आवाजात म्हणायची, "ऊठ रे राजा, माह्या पावलावर पाऊल ठेव," आणि वाटेवर आणून सोडायची. पोरांना खेळ वाटला. एक म्हणाला, "आजी, माहं चित्र अर्धंच राह्यलं." ती म्हणाली, "तुह्या लग्नात पुरं करजो."

मी मोजत होते. एक पोरगी कमी होती.

ती वारुळाला टेकून बसली होती, अगदी बाभळीखाली. कागदावर मान घातलेली. बाई तिच्यापाशी पोचली आणि तेव्हाच तो आवाज आला. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ कोंडते, तसा. पोरीनं तिकडे मान वळवली. बाईनं डाव्या हातानं तिची वेणी धरून मागे ओढलं आणि उजवा हात मध्ये घातला.

मित्राची मोटरसायकल, मध्ये बाई, मागे मी. तिचा हात माझ्या मांडीवर सुजत होता. दवाखाना येईपर्यंत ती एकच वाक्य बोलली. "साप माह्या घरी नोता आला, पोरी. मीच गेलती त्याच्या दारात, तुह्या पायी."

ती वाचली. उजवा अंगठा आणि शेजारचं बोट वाचलं नाही. विळा आता मुठीत बसत नाही. ती डाव्या हातानं कापायला शिकते आहे आणि दिवसाकाठी पूर्वीच्या निम्मा भारा होतो.

आणि आता ग्रामसभेच्या नोटिशीवर विषय आला आहे: 'विषारी सापांमुळे गायरान साफ करणे.' पुरावा म्हणून तिच्या हाताचा फोटो जोडलाय. तिला कोणी विचारलेलं नाही. मशीन एका दिवसात माळ सपाट करेल, मग डावा हात तरी काय कापणार? मला झोप लागत नाही, कारण ज्या चुकीची सुरुवात मी केली ती आता गाव ठराव करून पुरी करायला निघालंय.

तुमच्या गावातही असा विषय येईल. तेव्हा मान खाली घालून सही करू नका. उठा आणि भर सभेत विचारा, तिथं गवत कोण कापतं? तिला पुढे बोलवा. ती बोलून होईपर्यंत कोणालाही हात वर करू देऊ नका.