ज्योत्स्नाचा व्हिसा आणि आम्ही सगळ्या

जिथे चार बाया रोज बसतात, तिथे किस्से आपोआप साचतात. मुद्दाम कोणी सांगायला बसत नाही. ब्लाऊजचं माप द्यायला आलेली बाई माप देता देता अर्धा किस्सा टाकून जाते, आणि ब्लाऊज न्यायला येते तेव्हा उरलेला अर्धा. पण मागच्या वर्षी आमच्या दुकानात जे साचले ते जवळपास सगळे एकाच बाईचे. आज आम्ही ते सांगून पोट धरून हसतो. घडत होते तेव्हा मात्र कोणाच्या घशाखाली चहा उतरत नव्हता!

मी वंदना. मोहाडीच्या बाजारगल्लीत माझं शिलाईचं दुकान आहे. दुसऱ्या मशीनवर कुंदाताई बसते, तिचं तोंड मशीनपेक्षा फास्ट चालतं. आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर ज्योत्स्ना. ती गिऱ्हाईकही नाही आणि कामालाही नाही. ती मैत्रीण. तिची पोरगी ईशा शाळेतून सुटेपर्यंत ती आमच्याकडे बसते.

ज्योत्स्ना फिलिपिन्सची. कतारमध्ये हॉटेलात कामाला होती, तिथेच आमच्याकडचा दिनेश स्वयंपाकी होता. लग्न झालं, दोघं इकडे आले, ईशा भंडाऱ्यात जन्मली. पुढे दोघांचं बिनसलं. दिनेश रायपूरला निघून गेला, आणि ज्योत्स्ना मोहाडीजवळच्या त्याच्या गावात, त्याच्याच आईजवळ राहिली. पोरगी भारताची, आई परदेशाची. म्हणून मुदत संपत आली की आईला व्हिसा वाढवून घ्यावा लागतो. आधी दिनेश सोबत जायचा, सह्या करायचा, काम व्हायचं. मागच्या वर्षी पहिल्यांदाच तो सोबत नव्हता.

*

पहिलं घोडं अडलं ते नावात.

पासपोर्टावर तिचं नाव जोसलिन. पण ती सून म्हणून आली त्या दिवशी सासूबाईंनी, म्हणजे अनसूयाबाईंनी, ते नाव म्हणून पाहिलं.

"जोशे... जोशी... कायची जोशीण?"

शेवटी त्या म्हणाल्या, "जोशी तं आडनाव असते. तू ज्योत्स्ना!"

गाव ज्योत्स्ना म्हणू लागलं, ती ओ देऊ लागली. पुढे ईशाला शाळेत टाकलं तेव्हा आईच्या नावापुढे कोणीतरी ज्योत्स्ना लिहूनही टाकलं. आता व्हिसाच्या अर्जाला ईशाच्या शाळेचा दाखला जोडायचा. भंडाऱ्याच्या ऑफिसातल्या साहेबांनी दाखला पाहिला, पासपोर्ट पाहिला.

"ही ज्योत्स्ना कोण?"

"मीच, सर."

"आणि जोसलिन?"

"ते पण मी."

साहेब बिचारे सज्जन होते, पण त्यांनाही लिहायला काहीतरी एक हवं. "बाई, कागदावर मुलीची आई एकच पाहिजे. नक्की नाव काय?"

अनसूयाबाई मागून म्हणाल्या, "साहेब, मी चिडली की हिले तिसऱ्याच नावानं हाका मारते. तेही लिहून घ्या!"

दोन्ही नावांची बाई एकच आहे, असं प्रतिज्ञापत्र करून आणायला सांगितलं. तिसरं नाव सोडून दिलं.

*

मग फोटो. नवरा-बायकोचा सोबतचा ताजा फोटो लागतो, असं कुंदाताईला कोणीतरी सांगितलं. खरं-खोटं विचारायच्या आधीच तिनं ज्योत्स्नाला हाताला धरून फोटो स्टुडिओत नेलं. मी मागे मागे.

स्टुडिओवाला उत्साही माणूस. म्हणाला, "टेन्शन कायले घेता? भाऊचा एखादा जुना फोटो द्या, मी कॉम्प्युटरवर असा चिकटवून देतो की स्वतः भाऊले वाटंल आपण इथंच होतो!"

कुंदाताईला आयडिया एकदम पसंत. तिनं मोबाईलमधून लग्नातला दिनेश शोधूनही काढला. स्टुडिओवाल्यानं ज्योत्स्नाला स्टुलावर बसवलं, मान तिरपी केली आणि विचारलं, "भाऊले कोणत्या साईडले बसवू? लेफ्ट की राईट?"

ज्योत्स्ना म्हणाली, "रायपूरले बसव."

आणि उठलीच.

रस्त्यात कुंदाताई चिडली. "अव, एक फोटो तं होता! काय बिघडत होतं?"

ज्योत्स्ना चालता चालता थांबली. तिचं मराठी गावात शिकलेलं आहे, पण मनातलं असलं की ती एकेक शब्द वेगळा ठेवते. "कुंदाताई, खोटं सापडलं तर मले जा म्हणतील. ईशा नाही जाऊ शकत माझ्यासोबत. तिचा बाप नाही म्हणेल. मी विमानात. ईशा इथं. एका फोटोसाठी?"

कुंदाताई बाजारगल्ली येईपर्यंत गप्प होती. आमच्या ओळखीत हा रेकॉर्ड आहे.

अर्जात तिनं स्पष्ट लिहिलं, आम्ही वेगळे राहतो. फोटो लावला तो तिचा, ईशाचा आणि अनसूयाबाईंचा. स्टुडिओ तोच. पैसे दिले तेव्हा तो माणूस म्हणाला, "हाही चांगला आला. कोणाले चिकटवा नाही लागलं."

*

त्यानंतर घरी चौकशी. एक पोलीसदादा गावात गेले, तर घराला कुलूप. शेजाऱ्यानं त्यांना आमच्या दुकानात पाठवलं, आणि नेमकी त्या वेळी ज्योत्स्ना ईशाच्या गॅदरिंगचा फ्रॉक हातात घेऊन टिपा मारत बसलेली! परदेशी बाईनं परवानगीशिवाय नोकरी करायची नाही, एवढं आम्हाला माहीत होतं. दारात खाकी दिसताच कुंदाताईनं झडप घातली आणि फ्रॉक हिसकला. सुई ज्योत्स्नाच्या बोटात.

"ही काहीच काम करत नाही साहेब! नुसती बसून राहते! दिवसभर! महाआळशी बाई आहे!"

ज्योत्स्ना बोट चोखत कुंदाताईकडे पाहतच राहिली.

पोलीसदादांनी शांतपणे विचारलं, "फ्रॉक कोणाचा?"

"माझ्या पोरीचा," ज्योत्स्ना म्हणाली.

"मग शिवू द्या की त्यांना. पोरीचा फ्रॉक शिवायला कोण नाही म्हणते?"

कुंदाताईनं फ्रॉक परत दिला. पण ज्योत्स्ना नंतर हप्ताभर तिला रोज विचारायची, "महाआळशी म्हणजे किती आळशी?"

पोलीसदादा परत गावात गेले, शेजारच्या मारोतीभाऊला विचारलं, बाई कशी आहे, काही तक्रार?

मारोतीभाऊनं बराच विचार केला. "बाई एक नंबर आहे साहेब. पण तक्रार विचारता तं एक आहे. मासळीच्या रश्श्यात चिंच इतकी टाकते का दात आंबून जातात."

"तुम्ही खाता?"

"रोज वाटी पाठवते ना!"

*

मग नुसती वाट पाहणं. अर्ज ऑनलाईन, उत्तरही ऑनलाईन, आणि मोबाईलवर रोज तेच दिसायचं, अंडर प्रोसेस. गावात रेंज येते ती फक्त बोडीच्या पाळीवर, म्हणजे गावातल्या लहान तलावाच्या बांधावर. ज्योत्स्ना सकाळी पाळीवर, दुपारी दुकानात, संध्याकाळी पुन्हा पाळीवर. दुकानात आली तरी खुर्चीवर टेकायची नाही. शिवलेले कपडे घडी करायची, मोडायची, परत घडी करायची. जुन्या व्हिसाची तारीख जवळ येत होती. माझ्या शिलाया वाकड्या जायला लागल्या. एका बाईची बाही मी उलटी लावली, आणि तिनं ती उलटी बाही पाहून, "नवीन फॅशन आहे का?" म्हणून कौतुकही केलं!

एकदा ईशा शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि आईला विचारलं, "मम्मी, तू व्हिसात नापास झाली का?"

"नाही ग. रिझल्ट नाही आला."

"मंग कायले रडून राहिली? नापास झाली तं परत परीक्षा दे. आमच्या वर्गातला सोनू देते."

कुंदाताईनं मशीन थांबवून ज्योत्स्नाला विचारलं, "खरं सांग, तुले तुया देशात जावंसं नाही वाटत?"

"वाटते," ज्योत्स्ना म्हणाली. "जाऊन यावंसं वाटते."

*

मग ऑफिसातून निरोप आला. नवऱ्याचं म्हणणं काय आहे, तेही त्यांना हवं होतं.

अनसूयाबाईंनी आमच्या दुकानातूनच दिनेशला फोन लावला. तो म्हणाला, "मी काही येत नाही. तिले जायचं असंल तं जाऊ दे. पोट्टीले मी रायपूरले नेतो."

फोन स्पीकरवर होता. ज्योत्स्ना समोरच उभी होती. अनसूयाबाईंनी फोन बंद केला, समोरच्या दुकानातून चिवडा घेऊन पिशवीत भरला आणि मला म्हणाल्या, "वंदना, चल. गाडी कितीची हाय?"

भंडारा रोड स्टेशनवरून आम्ही दोघी रायपूरला गेलो. सबंध वाटेत त्यांनी चिवडा उघडला नाही. दिनेश हॉटेलच्या मागच्या दारातून बाहेर आला, कपाळावर घाम. आईला पाहून त्यानं आधी मान खाली घातली, मग तयारी केल्यासारखा बोलायला लागला. मी असं, ती तसं, लोकं काय म्हणतात, मले कोणी विचारलं का. अनसूयाबाईंनी सगळं ऐकलं.

बोलून बोलून तो थकला. मग हळूच म्हणाला, "ईशा माही आठवण काढते का?"

मला वाटलं, आता आई पोराचं मन राखेल. नातवंडाच्या नावानं दोन गोड शब्द बोलेल.

"नाही काढत," अनसूयाबाई म्हणाल्या. "तिनं काढावी वाटत असंल तं ये."

आणि चिवड्याची पिशवी त्याच्या हातात देऊन त्या स्टेशनाकडे निघाल्यासुद्धा. मला मागून पळावं लागलं!

तीन-चार दिवसांनी दिनेश भंडाऱ्याच्या ऑफिसात हजर. हातात कंपासपेटी, ईशासाठी. साहेबांसमोर त्यानं सांगितलं, आम्ही वेगळे राहतो हे खरं आहे, पोरगी आईजवळ आहे, राहू द्या, माझी हरकत नाही. ईशानं कंपासपेटी उघडून पाहिली आणि विचारलं, "यात कर्कटक हाय, पण पेन्सिल कुठं हाय?" तो खाली जाऊन पेन्सिल घेऊन आला.

*

व्हिसा आला तो भर दुपारी, दुकान गच्च भरलेलं असताना. लग्नसराई, बायकांची झुंबड. ज्योत्स्नाच्या मोबाईलवर मेसेज वाजला. तिनं वाचला. बाहेर गेली. आत आली. परत बाहेर गेली. कुंदाताई ओरडली, "अव, काय झालं ते तं सांग! जीव घेते का?"

ज्योत्स्नानं एक बोट वर केलं. "एक साल."

आणि कुंदाताईनं, जिला मी वीस वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं, तिनं मशीनवर डोकं ठेवून असा गळा काढला, की माप द्यायला उभी असलेली एक म्हातारी घाबरून माझ्या कानात म्हणाली, "कोण गेलं व?"

"कोणी नाही गेलं!" कुंदाताई हुंदके देत ओरडली. "जात नाही! तेच तं!"

*

पण खरा किस्सा भंडाऱ्याच्या त्या दिवसाचा, दिनेश आला होता त्या दिवसाचा.

दिनेशचं म्हणणं लिहून झालं. मग हमी द्यायची होती. ही बाई इथे राहील तोवर हिची जबाबदारी माझी, असं भारतातल्या कोणीतरी लिहून द्यावं लागतं. अनसूयाबाई पुढे सरकल्या.

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग बाकावर बसलेल्या दिनेशकडे पाहिलं. आवाज मऊ करून म्हणाले, "आजी, नीट विचार करा. उद्या काही झालं तर तुम्हाला विचारणार. मुलगा तर वेगळा झाला ना? मग तुम्ही हिच्या आता कोण?"

अनसूयाबाईंना प्रश्न समजला नसावा असं मला वाटलं. त्यांनी वळून एकदा दिनेशकडे पाहिलं.

"वेगळा तो झाला, साहेब. मी कुठं झाली?"

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि पेन त्यांच्यापुढे धरलं. ज्योत्स्ना खाली बघत होती. दिनेश उठला. "पाणी पिऊन येतो," म्हणाला आणि दाराबाहेर गेला.

पाण्याचा माठ आतच होता, त्याच्या बाकाला लागून.